काम मागावे की वाट पाहावी?



गेल्या वर्षी येथे लीड्समध्ये एका कुटुंबाने नवे घर घेतले, त्या आनंदाप्रीत्यर्थ मलिदा झाला. आपली घरे ह्या शहरात बोटांवर मोजण्याइतकीच. त्यामुळे मँचेस्टरहूनही काही मंडळी मोटारी घेऊन आली होती. एलियाहू हन्नाबीचे गाणे झाले, पोहे, गूळ, खोबरे आणि फळांची ताटे फिरू लागली, आणि त्या ताटांच्या मागोमाग आपल्यातील एक तरुण खिशातून छोटी छोटी कार्डे काढून प्रत्येकाच्या हाती देऊ लागला. एका मोठ्या फर्ममधील नोकरी सोडून त्याने चार महिन्यांपूर्वीच अकौंटंट म्हणून स्वतःची कचेरी थाटली होती. कार्डावर त्याचे नाव, कचेरीचा पत्ता, फोन नंबर आणि मागील बाजूस 'पहिली भेट विनामूल्य' असे छापलेले होते.

आमच्या शेजारी बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते कार्ड न वाचताच ताटाखाली सारले आणि सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "बाबा, हा मलिदा आहे, बाजार नव्हे." काही मंडळी हसली. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. तो तरुण काही बोलला नाही. उरलेली कार्डे त्याने खिशात ठेवली, जेवण होईपर्यंत थांबला आणि यजमानांचा निरोप घेऊन निघून गेला. त्यानंतर हनुक्काच्या वेळी तो दिसला नाही.

जानेवारी महिना आला. ह्या देशात राहणाऱ्या वाचकांस ठाऊकच आहे की, आयकराचा सेल्फ असेसमेंटचा फॉर्म ३१ जानेवारीच्या आत भरावा लागतो. आम्ही शाळेतून निवृत्त झालो तरी पेन्शन, चार शिकवण्या आणि मुंबईच्या बँकेतील ठेवीचे व्याज ह्यांमुळे तो फॉर्म आम्हांस चुकलेला नाही. मागील दोन वर्षे तो ह्याच तरुणाने आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून भरून दिला होता. त्याबद्दल त्यास काय मिळाले? आमच्या सौभाग्यवतींनी केलेल्या करंज्या आणि दोन कप चहा. यंदाही आम्ही फोन उचलला, पण नंबर लावण्यापूर्वी हात थांबला. ज्याच्या कार्डाला आम्ही हसलो, त्याचीच विद्या आम्ही दोन वर्षे फुकट वापरली होती. मग त्या दिवशी बाजार कोणी मांडला होता, त्याने की आम्ही?

ह्या एका विचाराने आमचा पाठपुरावा केला आणि त्यातूनच हा लेख लिहावयास घेतला आहे. वकील, डॉक्टर, अकौंटंट, आर्किटेक्ट ह्यांसारख्या विद्येवर जगणाऱ्या माणसाने काम मागावे की नाही? मागावयाचे तर कोणापाशी, कोठे आणि कसे? आणि काम वाढू लागले तर किती वाढू द्यावे? आपल्या समाजातील मुलेमुली आता लंडनपासून लोदपर्यंत आणि ठाण्यापासून टोरोंटोपर्यंत अशा कचेऱ्या चालवीत आहेत. तेव्हा हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने आपल्या प्रत्येकाच्या घरी येणारच.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत दुकानदाराकडे येतो तो गिऱ्हाईक; वकिलाकडे येतो तो अशील किंवा पक्षकार; डॉक्टराकडे रोगी, मास्तरांकडे विद्यार्थी. येणारा पैसे देतो हे सर्वत्र सारखेच आहे, तरीही आपल्या पूर्वजांनी त्याला वेगवेगळी नावे दिली. त्याचे कारण उघड आहे. दुकानातील आंबा आपण हातात घेऊन दाबून पाहू शकतो, वास घेऊ शकतो, नको असेल तर पुढच्या दुकानी जाऊ शकतो. वकिलाचा सल्ला बरा की वाईट हे अशिलाला निकाल लागेपर्यंत कळत नाही, आणि कित्येकदा निकालानंतरही कळत नाही. तो जे विकत घेतो ते न पाहताच घेतो, केवळ विश्वासावर. म्हणून विद्येवर जगणाऱ्यांनी बाजारासारखी आरोळी देऊ नये असे जुन्या लोकांचे मत होते, आणि ते निव्वळ खोट्या प्रतिष्ठेपायी नव्हते.

आरोळी दिली म्हणजे काय होते, ह्याचा धडा आपल्या मुंबईनेच दिलेला आहे. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारांशी काही वकील उभे राहत, आणि कोणी गांजलेला पक्षकार येताना दिसला की त्याच्याकडे धाव घेत. त्याच्या हातातील कागद ओढून घेणे, एकमेकांना ढकलणे, फी पाडून सांगणे असे प्रकार चालत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. प्रकरण अखिल भारतीय बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे गेले तेव्हा त्या समितीने वकिलांना मोकळे सोडले. परंतु १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ह्या खटल्यात लिहिलेले निकालपत्र आजही भारतातील कायद्याच्या विद्यार्थ्यांस शिकविले जाते. वकिली हा व्यापार नव्हे, असा त्याचा मथितार्थ. त्याआधी १९६२ मध्ये असेच आणखी एक प्रकरण त्या न्यायालयापुढे आले होते. एका वकिलाने महाराष्ट्र सरकारातील एका मंत्र्याला साधे पोस्टकार्ड पाठवून काम मागितले होते. तेवढेही गैरवर्तनच ठरले.

भारतीय बार कौन्सिलचा छत्तिसावा नियम ह्याच विचारातून आलेला आहे. पत्रके, जाहिराती, दलाल, ओळख नसता घेतलेल्या गाठीभेटी, वर्तमानपत्रात स्वतःच्या खटल्यांबरोबर छापून आणलेले फोटो, ह्या कोणत्याही मार्गाने काम मागावयाचे नाही. दारावरील पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी, आणि आपण पूर्वी न्यायाधीश होतो असे तिच्यावर लिहावयाचे नाही. २००८ साली ह्या नियमात थोडी सवलत देण्यात आली आणि इंटरनेटवर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण व कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा मिळाली. चार्टर्ड अकौंटंटांसाठी १९४९ चा जो कायदा झाला त्यातही पत्रकांनी, जाहिरातींनी वा व्यक्तिशः काम मागण्यास मनाई घालण्यात आली होती.

एवढे वाचून आमच्या शेजारचे ते गृहस्थ म्हणतील, "पाहा, मी काय सांगत होतो! आपल्या डॉक्टर जेरुशा झिराडबाईंनी कधी कार्डे वाटली होती काय?" बाईंचे नाव निघाले की आपली सर्वांचीच मान ताठ होते, आणि ते योग्यच आहे. लंडनला जाऊन त्या शिकल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बायका तेथे येणारच होत्या. ज्याला परक्या शहरात, परक्या नावानिशी, भाड्याच्या एका खोलीत टेबल मांडून बसावयाचे आहे त्याने काय करावे? त्याचे नाव कोणाला ठाऊक आहे?

ह्या प्रश्नाने नाण्याची दुसरी बाजू दिसू लागते. ह्या इंग्लंडातही सॉलिसिटरांना जाहिरात करण्याची बंदी होती, ती १९८४ साली उठली. तोपर्यंत येथील सॉलिसिटर काय काम न मागता स्वस्थ बसत होते? गोल्फच्या मैदानावर, क्लबात, जुन्या शाळेच्या मेजवान्यांत, चर्चच्या पटांगणात त्यांच्या गाठीभेटी होत, आणि तेथेच कामे ठरत. त्याला कोणी मागणे म्हणत नसे, कारण ते शेरीचा पेला हातात धरून होई. ज्याचे वडील-आजोबा त्या क्लबात नव्हते, त्याच्यासाठी बंदी खरी होती. इतरांसाठी ती नावापुरतीच. आम्ही ह्या देशात आलो तेव्हा आपल्यातील एक सुशिक्षित गृहस्थ दिवसा कारखान्यात हिशेब लिहीत आणि रात्री अभ्यास करून परीक्षा देत. पुढे ते उत्तीर्ण झाले, पण क्लबाचे दार त्यांना कधी उघडले नाही. त्यांच्या हाती एखादी सभ्य जाहिरात असती तर त्यांचे आयुष्य निराळे झाले असते, असे आम्हांस अजूनही वाटते.

अमेरिकेत हाच वाद १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ॲरिझोनातील दोन तरुण वकिलांनी साध्यासुध्या कामांसाठी माफक दराची कचेरी काढली. दर कमी, म्हणून पुष्कळ कामे हवीत. पुष्कळ कामे हवीत, म्हणून लोकांस कळावयास हवे. त्यांनी वर्तमानपत्रात आपले दर छापले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. न्यायालयाने बहुमताने ठरविले की, खरी माहिती देणाऱ्या जाहिरातीवर सरसकट बंदी घालता येणार नाही. गरिबाला वकील कोठे मिळतो आणि किती पैशांत मिळतो हे कळणे, हा त्याच्याही हिताचा भाग आहे. हे म्हणणे आम्हांस पटते. जी विद्या कोणास ठाऊक नाही तिचा उपयोग कोणास होणार?

आणि आपण लीड्सकर तर हे विसरूच शकत नाही की, ह्याच शहराच्या कर्कगेट मार्केटमध्ये १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या एका निर्वासित ज्यू फेरीवाल्याने टेबल मांडले होते. रशियन साम्राज्यातून आलेला हा माणूस. त्याचे इंग्रजी तोकडे. घासाघीस करावयास शब्द नव्हते. त्याने पाटी लावली की, किंमत विचारू नका, सगळे एक पेनी. पुढे त्याच टेबलाचे मार्क्स अँड स्पेन्सर झाले. ज्याच्या तोंडात भाषा नाही त्याची भाषा ती पाटी झाली. तेव्हा नवख्याने पाटी लावली म्हणून नाक मुरडताना आपण स्वतः येथे कोणत्या स्थितीत आलो होतो, हे एकदा आठवावे.

मग दोन्ही बाजू खऱ्या असतील तर निवाडा कसा करावा? ह्या बाबतीत आपल्या खाखामांनी फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. मिश्नातील बाबा मेत्सिया ह्या भागात एक लहानसा वाद आहे. दुकानदाराने मुलांना भाजलेले दाणे व अक्रोड वाटावेत काय? मुलांना खाऊची सवय लागली की आई सामान आणावयास पाठवील तेव्हा ती त्याच दुकानी येणार, हे उघड आहे. रब्बी यहूदा म्हणतात, वाटू नयेत. इतर खाखाम म्हणतात, खुशाल वाटावेत; शेजारच्या दुकानदारास वाटत असेल तर त्यानेही दुसरे काही वाटावे. भाव उतरविणाऱ्याबद्दलही त्यांचे मत चांगलेच आहे. म्हणजे दुसऱ्यापेक्षा अधिक देऊन गिऱ्हाईक मिळविणे हा दोष नाही. परंतु त्याच ठिकाणी लगेच सांगितले आहे की, जुनी वस्तू रंगवून नवी म्हणून विकू नये. 'पहिली भेट विनामूल्य' हे अक्रोड झाले. ती भेट संपताना भोळ्या माणसाकडून वर्षाच्या करारावर सही करून घेणे हा रंग झाला.

दुसरी गोष्ट तलमुदातील बाबा बात्रा भागात आहे. एका कोळ्याने मासा हेरून ठेवला असेल तर दुसऱ्या कोळ्याने आपले जाळे त्यापासून दूर ठेवावे, असा तेथे विचार आहे. आपण कोकणातली माणसे, आपल्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. जे काम दुसऱ्याच्या हाती जवळजवळ आलेले आहे ते हिसकावून घेऊ नये. आश्चर्य असे की, त्याच चर्चेत शिक्षकांना मात्र ही सवलत नाही! गल्लीत दुसरा शिक्षक आला तर पहिल्याने तक्रार करावयाची नाही, कारण विद्वानांच्या चढाओढीने ज्ञान वाढते. चाळीस वर्षे खडू झिजविलेल्या आम्हांस हे वाचून हसू आले, पण त्यात अर्थ आहे. जेथे चढाओढीने येणाऱ्याचे भले होते तेथे ती असावी. जेथे तिने केवळ दुसऱ्याचे ताट ओढले जाते तेथे नसावी.

आता आम्ही आमची कसोटी सांगतो. माणूस आपल्याकडे स्वतःच्या पायांनी आला पाहिजे, आणि त्याला वाटेल तेव्हा स्वतःच्या पायांनी परत जाता आले पाहिजे. पाटी, जाहिरात, लेख, व्याख्यान ह्यांत माणूस मोकळा असतो. वाचले तर वाचले, नाही तर पान उलटले. कोर्टाच्या दारात, हॉस्पिटलच्या खाटेपाशी, शिव्वाच्या घरात तो मोकळा नसतो. अमेरिकेच्या त्याच न्यायालयाने १९७८ साली, म्हणजे वरील निकालानंतर एकाच वर्षाने, नेमका हा भेद केला. मोटार अपघातात सापडलेली अठरा वर्षांची मुलगी पाय जखडून हॉस्पिटलात पडली असता एक वकील तिच्या खाटेपाशी जाऊन तिची सही मागत होता. त्याला झालेली शिक्षा न्यायालयाने कायम केली. छापील जाहिरात चालेल, असहाय माणसाला गाठणे चालणार नाही. इंग्लंडमध्येही सॉलिसिटराने अनोळखी माणसाला आपण होऊन गाठू नये, असा नियम आहे.

ही कसोटी मोडली की काय होते, ते आपल्या ह्या यॉर्कशर परगण्यात सर्वांनी पाहिले आहे. कोळशाच्या खाणीत आयुष्य काढून ज्यांची फुप्फुसे निकामी झाली, यंत्रांच्या हादऱ्यांनी ज्यांच्या बोटांतील जीव गेला, त्यांना भरपाई देण्यासाठी सरकारने १९९९ च्या सुमारास योजना सुरू केल्या. साडेसात लाखांहून अधिक दावे आले. सॉलिसिटरांची फी सरकार निराळी देत होते; खाणकामगाराच्या पैशाला हात लावावयाची गरज नव्हती. तरीही काही कचेऱ्यांनी त्या आजारी म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या भरपाईतूनही हिस्सा कापून घेतला. कामे मिळविण्यासाठी मध्यस्थांना पैसे देण्यात आले, आणि कामांचे ढीग एवढे वाढले की, कोण कोणाचा अशील आहे हे पाहावयास कोणी उरले नाही. २००८ साली डॉनकास्टरच्या दोन सॉलिसिटरांची नावे वकिलांच्या यादीतून काढून टाकण्यात आली. पुढे २०१३ च्या एप्रिलपासून अपघाताच्या दाव्यांत अशील आणून देणाऱ्याला पैसे देण्यावरच कायद्याने बंदी आली. त्या कचेऱ्या फार वेगाने वाढल्या होत्या, एवढे मात्र खरे.

येथे वाढीचा प्रश्न येतो. काम मागण्याइतकाच, किंबहुना त्याहून कठीण असा हा प्रश्न आहे. आमच्या धंद्यातील गोष्ट सांगतो. मुंबईत आम्ही शाळेत असताना एक मास्तर होते. त्यांचे गणित उत्तम. परंतु वर्गात ते उदाहरण अर्ध्यावर सोडीत आणि म्हणत, उरलेले संध्याकाळी घरी या. घरी म्हणजे शिकवणीला, आणि शिकवणीला म्हणजे पैसे घेऊन. आमच्या वडिलांना ते परवडण्यासारखे नव्हते. उरलेले अर्धे उदाहरण आम्ही दिव्याखाली बसून स्वतः सोडवीत असू. मास्तरांची शिकवणी मात्र भराभरा वाढत होती.

ह्या मास्तरांवर आम्ही पुष्कळ वर्षे राग धरला. पुढे आम्ही स्वतः येथे शिक्षक झालो. घराचे कर्ज डोक्यावर, पगार बेताचा. आमच्याच वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी खाजगी शिकवणीबद्दल विचारले आणि आम्ही होय म्हटले. आम्ही वर्गात काही हातचे राखून ठेवले नाही. पण काही आठवड्यांनी आमच्या ध्यानात आले की, वर्गात तो मुलगा हात वर करी तेव्हा आम्ही त्याच्याकडे अगोदर वळत होतो. इतर मुलांपैकी कोणी तक्रार केली नाही. त्यांना ते कळलेही नसेल. आम्हांस कळले. आम्ही त्या वडिलांस दुसऱ्या शिक्षकाचे नाव दिले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत आपल्या वर्गातील मुलाची शिकवणी घेतली नाही. ह्यात मोठेपणा काही नाही, कारण चूक आधी केली आणि शहाणपण नंतर आले.

ह्यावरून आम्ही एवढेच शिकलो की, नवे काम घेताना त्याची किंमत बहुधा जुना अशील देत असतो. अकौंटंटाकडे चाळीस हिशेब असतात तेव्हा तो प्रत्येकाचा कागद ओळखतो. चारशे झाले की माणसे ठेवावी लागतात. मग त्याने त्या माणसांचे काम तपासले पाहिजे. आणि तपासण्यास वेळ उरत नसेल तर कचेरी वाढली, विद्या वाढली नाही. वाढू नये असे आम्ही म्हणत नाही. वाढीमुळे चार तरुणांना नोकरी मिळते, नवखे शिकून तयार होतात, एकट्याला न पेलणारी कामे घेता येतात. म्हणणे एवढेच की, आज दाराशी आलेल्या दहाव्या माणसाला होय म्हणण्यापूर्वी आधीच्या नऊ जणांना विचारलेले नसले तरी त्यांची आठवण तरी केलेली असावी.

आणि आपल्याला तर हे शिकवावयास बाहेरचे कोणी नको. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत. घाणा घालून तेल काढणारे तेली इतरही होतेच. परंतु आठवड्यातून एक दिवस आपला घाणा बंद असे, कितीही गिऱ्हाईक येवो. लोकांनी नाव ठेवले ते काय पाहून? आपण किती तेल काढतो हे पाहून नव्हे, तर कोणत्या दिवशी काढीत नाही हे पाहून. ज्या घरचा बैल शनिवारी हमखास थांबतो त्या घरचा शब्दही हमखास असावा, असे गावाला वाटले असेल तर त्यात नवल नाही.

आता उरली आपली स्वतःची, म्हणजे गिऱ्हाइकांची गोष्ट. काम मागणाऱ्याला नीती शिकविणे सोपे. काम घेणाऱ्याला कोण शिकवील? मिश्नात असेही आहे की, विकत घ्यावयाची इच्छा नसताना दुकानदाराला किंमत विचारू नये, त्याला नसती आशा लावू नये. आपण काय करतो? लग्नात डॉक्टर दिसला की त्याला गुडघा दाखवितो. वकील दिसला की भावाशी असलेला जागेचा तंटा तासभर ऐकवितो. अकौंटंट तर घरचाच! आणि खरे पैशाचे काम निघाले की शहरातील मोठ्या इंग्रजी फर्मकडे जातो, कारण आपल्या माणसाला आपले उत्पन्न कळू नये असे वाटते. त्याच्याकडे फुकटचे काम आणि दुसऱ्याकडे पैशाचे. मग त्याने मलिद्यात कार्डे वाटली तर दोष एकट्याचाच कसा?

तसेच शिफारशीचे. ह्या व्यवसायांत नवे काम सर्वांत अधिक येते ते एकाने दुसऱ्याला नाव सांगितल्यामुळे. म्हणून नाव सांगताना आपण खरे बोलले पाहिजे. केवळ आपल्या समाजाचा म्हणून नाव सुचवू नये, आणि केवळ आपल्या समाजाचा म्हणून गाळूही नये. काम चांगले झाले तर चार ठिकाणी सांगावे. वाईट झाले तर आधी त्याच्या तोंडावर त्याला सांगावे, म्हणजे तो सुधारेल. आपण बहुधा उलट करतो.

शेवटी काय झाले ते सांगून लेख आटोपतो. आम्ही त्या तरुणाला फोन केला आणि म्हटले, "फॉर्म भरावयाचा आहे. ह्या खेपेस तुझ्या कचेरीत येतो, आणि बिल दे." तो म्हणाला, "काका, तुमच्याकडून पैसे कसे घेऊ?" आम्ही म्हटले, "जसे त्या फर्ममध्ये घेत होतास तसे." कचेरी एका दुकानाच्या माळ्यावर आहे, जिना अरुंद, पण खोली स्वच्छ. काम झाल्यावर आम्ही मलिद्याच्या दिवसाची माफी मागितली. त्याने डोळे खाली घातले. मग म्हणाला, "जुन्या फर्मचे क्लायंट फोन करतात, काका. ते घ्यायचे नाहीत असं ठरवून बाहेर पडलो. मग कोणाला विचारू? आपल्याच माणसांना विचारलं."

आम्हांस क्षणभर काही बोलता आले नाही. दुसऱ्याच्या माशापासून जाळे दूर ठेवणारा हा मुलगा, आणि आपण त्याला बाजाराचा शिष्टाचार शिकवीत होतो!

तरीही मास्तरांची सवय जात नाही. आम्ही त्याला सांगितले की, कार्डे चुकीची नव्हती, जागा चुकीची होती. मलिद्याला आलेला माणूस आशीर्वादासाठी आलेला असतो. ताट हातात असताना त्याला नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी एका रविवारी संध्याकाळी कराच्या फॉर्मविषयी साध्या मराठीत आणि इंग्रजीत व्याख्यान दे. ज्याला यावयाचे तो येईल. दारात कार्डे ठेव. ज्याला हवे तो उचलील. ते व्याख्यान मार्च महिन्यात झाले. पंधरा माणसे आली. जे वडीलधारे गृहस्थ कार्ड ताटाखाली सारून बसले होते तेही आले, पहिल्या रांगेत बसले आणि सर्वांत अधिक प्रश्न त्यांनीच विचारले. जाताना त्यांनी टेबलावरून एक कार्ड उचलले, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचले आणि खिशात घातले.

ते त्याच्याकडे काम घेऊन गेले की नाही, हे आम्ही विचारले नाही. तो त्या दोघांचा प्रश्न आहे. आमचे बिल मात्र आम्ही त्याच आठवड्यात चुकते केले. ह्या लेखाशी कोणी वाचक सहमत नसेल तर त्याने अवश्य लिहावे. आम्ही जन्मभर वह्या तपासल्या, आता आमची कोणी तपासली तर आनंदच आहे.